हनुवटीवरचे केस आणि आमची एक चूक

आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी एकवीस वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिचे नाते ठरले आणि घरात लगबग सुरू झाली. त्या दिवसांत एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. पोरगी फजरनंतर, घर जागे व्हायच्या आत, न्हाणीघरात जाऊन बसते आणि बराच वेळ बाहेर येत नाही. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला येणारे काळे राठ केस ती चिमट्याने उपटत होती. तीन वर्षे हे चालू होते. घरात कोणाला माहीत नाही असे तिला वाटत होते. खरे तर सगळ्यांना माहीत होते, फक्त कोणी बोलत नव्हते.

बोललो ते आम्ही, आणि तेही चुकीचे बोललो. "बेसन-हळद लाव, लग्नानंतर सगळं ठीक होतं," असे सांगून मोकळे झालो. पुढे ओळखीतल्या एका बाईने गोरेपणाचे म्हणून एक क्रीम तिला दिले. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, सगळे खूश झाले. चार महिन्यांनी गाल लालभडक झाले, उन्हात आग होऊ लागली आणि जिथे आधी केस नव्हते त्या गालांवरही दाट लव आली. मग कुठे त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरबाईंनी क्रीमची ट्यूब पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो चेहऱ्याबद्दल नव्हता. "पाळी कशी येते?"

तिची अम्मी आणि आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. पोरगी खाली मान घालून म्हणाली, "कधी दोन महिन्यांनी, कधी चार." तपासण्या झाल्या. पीसीओएस निघाले आणि रक्तातली साखरही हद्दीवर होती. तीन वर्षे शरीर निरोप पाठवत होते आणि आम्ही तो निरोप उपटून टाकायला सांगत होतो.

या महिन्याचे सदर म्हणूनच या विषयावर आहे. अनेक घरांत हा प्रश्न आहे आणि अनेक घरांत हीच चुप्पी आहे.

केस येतात कशामुळे?

प्रत्येक स्त्रीच्या चेहऱ्यावर बारीक, मऊ लव असते. ती आजार नाही. आपल्याकडे ओठांवर थोडी गडद लव असणेही सर्वसाधारण आहे, आणि ती बहुधा आई-दादीकडून आलेली असते. प्रश्न येतो तो लवेचे राठ, काळे केस होऊ लागतात तेव्हा. हनुवटी, जबडा, गळा, छाती, पोटाची मधली रेघ अशा, पुरुषांना केस येतात त्या जागी. ज्या हार्मोनला आपण पुरुषांचे म्हणतो ते थोड्या प्रमाणात प्रत्येक स्त्रीच्या शरीरात असतेच. ते वाढले, किंवा केसांची मुळे त्याला जास्त दाद देऊ लागली, की लव राठ होते. बाळंतपणाच्या वयातल्या शंभरांतल्या पाच ते दहा स्त्रियांना हा त्रास असतो. म्हणजे आपल्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक गल्लीत कोणी ना कोणी असणारच.

यातल्या बहुतेकींच्या मुळाशी पीसीओएस असते. पाळी लांबते, वजन वाढते, मुरुमे येतात, मानेच्या मागे आणि काखेत काळसर मखमली पट्टा दिसतो. तो पट्टा मळ नव्हे, घासून जात नाही. शरीरात इन्सुलिनचे काम बिघडल्याची ती खूण असते. काही जणींची पाळी नियमित असते, तपासण्या साफ येतात, तरी केस येतात. तिथे त्वचेचा स्वभावच तसा असतो. थोड्या जणींमध्ये मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा जन्मजात दोष असतो. पाळी बंद झाल्यावर हनुवटीवर चार-दोन जाड केस येणे हे तर घरोघरी दिसते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

आणखी एक कारण आपल्या बाजारपेठेतले आहे. गोरे करणारी म्हणून विकली जाणारी कित्येक मिश्र क्रीम्स खरे तर औषधे असतात. त्यांत बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल असे स्टिरॉइड असते. ती महिनोन्महिने चेहऱ्यावर लावली की कातडी पातळ होते, नसा दिसू लागतात, मुरुमे येतात आणि लव वाढते. अशी क्रीम्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचीच नसतात. ट्यूबवर बारीक अक्षरांत लिहिलेली नावे वाचा आणि यांतले एखादे दिसले तर डॉक्टरांना दाखवा. स्वतःच्या मनाने एकदम बंद केले तर चेहरा आणखी भडकतो, म्हणून बंद करायचे तेही त्यांच्या सल्ल्याने.

डॉक्टरांकडे कधी जायचे?

केसांबरोबर पाळी अनियमित असेल, वजन झपाट्याने वाढत असेल, डोक्याचे केस समोरून विरळ होत असतील किंवा मूल राहत नसेल तर थांबू नका. आणि हे नीट लक्षात ठेवा: काही महिन्यांतच अचानक भराभर केस आले, आवाज घोगरा झाला, पाळी एकदम थांबली, तर त्याच आठवड्यात दाखवा. क्वचित अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असू शकते.

स्त्रीरोग, त्वचारोग किंवा हार्मोनचे डॉक्टर, कोणाकडूनही सुरुवात करता येते. ते टेस्टोस्टेरॉन, थायरॉईड, प्रोलॅक्टिन, साखर अशा रक्ताच्या तपासण्या आणि गरज वाटली तर सोनोग्राफी सांगतात. अविवाहित मुलीची सोनोग्राफी पोटावरूनच होते, त्याची भीती बाळगू नका. चालू असलेली सगळी औषधे डॉक्टरांना सांगा. फिटची आणि इतर काही औषधेही केस वाढवतात. शहरातल्या सरकारी रुग्णालयात त्वचेची ओपीडी असते, तिथे केसपेपरच्या नाममात्र पैशांत तज्ज्ञाचा सल्ला मिळतो. महिला डॉक्टर मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर अम्मी किंवा बाजी सोबत बसू शकते. इलाज त्यासाठी अडवून ठेवू नये.

दीनचा प्रश्न

"चेहऱ्याचे केस काढणे गुनाह आहे ना?" हा प्रश्न भगिनी हळू आवाजात विचारतात. आम्ही मुफ्ती नाही. उलेमांनी जे लिहून ठेवले आहे तेवढेच सांगतो.

भुवया कोरण्याबद्दल कडक ताकीद देणारी हदीस हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद यांच्याकडून आली आहे आणि ती बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिच्यातला 'नम्स' हा शब्द अनेक उलेमांनी भुवयांपुरता घेतला, काहींनी साऱ्या चेहऱ्याला लावला. इमाम तबरी यांचे मत कडक होते. पण इमाम नववी, ज्यांच्या शाफई मसलकावर आपले कोकणातले घर चालते, त्यांनी स्त्रीला दाढी-मिशी आली तर ती काढणे हराम नाही, उलट मुस्तहब आहे असे म्हटले. देशावरची घरे बहुतेक हनफी. हनफी फिकहचे मोठे आलिम इब्न आबिदीन यांचेही म्हणणे याच बाजूचे आहे. म्हणजे हनुवटी आणि ओठावरचे केस हा एक प्रश्न आणि फॅशनसाठी भुवया कोरणे हा दुसरा. दोन्हींची गल्लत करून पोरीला गुनाहगार ठरवू नका. मनात शंका राहिली तर आपल्या जाणत्या आलिमांना स्पष्ट शब्दांत विचारा. लाजेने न विचारता वर्षानुवर्षे मनात कुढत राहणे बरे नाही.

घरच्या घरी

सर्वांत सोपा, स्वस्त आणि बदनाम उपाय म्हणजे वस्तरा. "दाढी केली की केस दाट येतात" ही समजूत इतकी घट्ट आहे की आम्हीही ती मानत होतो. मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी 1928 सालीच प्रयोग करून दाखवले की कापल्याने केस जाड होत नाहीत आणि त्यांची वाढही बदलत नाही. केस उगवतो मुळातून, आणि वस्तरा मुळापर्यंत पोहोचतच नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून बोटाला राठ लागते, एवढेच. स्वच्छ, स्वतःचे, कोणालाही न दिलेले रेझर, ओला चेहरा, थोडे जेल आणि हलका हात. दर दोन-तीन दिवसांनी करावे लागते, हाच काय तो तोटा.

चिमटा दोन-चार केसांसाठी ठीक. रोज वीस-तीस केस उपटले की त्वचेत दाह होतो, केसतोड होतात, केस आतल्या आत वळतात आणि काळे डाग राहतात. आमच्या भाचीच्या हनुवटीवर जे डाग होते ते केसांचे कमी आणि चिमट्याचे जास्त होते.

केस विरघळवणारी क्रीम्स केसातले केराटिन सैल करतात. चेहऱ्यासाठी वेगळी येतात, हातापायांची चेहऱ्यावर लावू नका. आधी कानामागे किंवा कोपरात थोडी लावून दिवसभर पाहा. पाकिटावर लिहिलेल्या मिनिटांपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नका.

ब्लीच केस काढत नाही, फक्त रंग उडवते. ओठांवरच्या बारीक लवेला ते पुरते. राठ केसांना लावले तर सावळ्या चेहऱ्यावर पिवळे केस उठून दिसतात. आग झाली तर 'थोडं सहन कर' म्हणू नका, लगेच धुवा.

आता दादीचे नुस्खे. बेसन, हळद, मलई यांचे उटणे त्वचा मऊ करते, चोळताना थोडी लव निघते. मूळ मरत नाही. लिंबू लावून उन्हात गेलात तर चट्टे पडतात, ते टाळा. पुदिन्याच्या चहाचे कौतुक सध्या खूप ऐकू येते. त्यातल्या एका जातीच्या पुदिन्यावर तुर्कस्तानात आणि इंग्लंडमध्ये छोटे अभ्यास झाले. हार्मोनमध्ये थोडा फरक दिसला, पण केस कमी झाले असे सिद्ध झाले नाही. आवडत असेल तर प्या, भरवसा त्याच्यावर ठेवू नका.

पार्लरमध्ये

दोरा, म्हणजे थ्रेडिंग, आणि वॅक्स यांनी केस मुळापासून निघतो आणि दोन ते सहा आठवडे आराम मिळतो. दोरा नवा असावा, बाईने तो दातात धरण्याऐवजी गळ्यात अडकवावा, हात धुतलेले असावेत. वॅक्समध्ये एकदा बुडवलेली काडी पुन्हा डब्यात बुडवू देऊ नका. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या किंवा ट्रेटिनोइनसारखे मलम चालू असेल तर वॅक्स अजिबात नको, कातडीच सोलून निघते. आणि हे केल्यावर त्याच दिवशी घट्ट नकाबात, घामात, बाजारहाट करू नका. घर्षणाने पुळ्या येतात. सुती, सैल कापड वापरा.

दवाखान्यात

पीसीओएस असेल तर बाहेरून केस काढणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे. डॉक्टर हार्मोनच्या गोळ्या देतात. त्या गर्भनिरोधक गोळ्या म्हणून ओळखल्या जातात, म्हणून कुमारिकेच्या घरी गैरसमज होतात. इथे त्या औषध म्हणून असतात. स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधेही दिली जातात, पण ती चालू असताना गर्भ राहता कामा नये. निकाह जवळ असेल किंवा मूल हवे असेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगा. मेटफॉर्मिन साखरेला आणि पाळीला मदत करते, केसांवर त्याचा उपयोग फारसा नाही. कुठल्याही गोळीचा केसांवरचा परिणाम दिसायला किमान सहा महिने लागतात. वजन जास्त असेल तर ते शंभर किलोतले पाच ते दहा किलो, या हिशेबाने उतरले तरी पाळी सुधारू लागते. रोज अर्धा तास भरभर चालणे हे औषधच आहे, मग ते गच्चीवर का असेना.

इफ्लोर्निथिन नावाचे मलम केसांची वाढ मंदावते. दोन महिन्यांत फरक दिसतो, बंद केले की केस परत येतात.

लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगात शिरून उष्णतेने मूळ जाळतो. म्हणून काळ्या, जाड केसांवर तो चांगला चालतो आणि पांढऱ्या केसांवर अजिबात चालत नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला डायोड किंवा एनडी-याग जातीचे यंत्र जास्त सुरक्षित. चुकीच्या यंत्राने भाजून डाग पडतात. चार-सहा आठवड्यांच्या अंतराने साधारण सहा ते आठ बैठका लागतात. आधी महिनाभर चिमटा, दोरा, वॅक्स बंद, वस्तरा चालतो. 'कायमचे घालवतो' असे कोणी म्हटले तर सावध व्हा. केस खूप कमी होतात, बारीक होतात, पण आतले हार्मोन बिघडलेलेच असतील तर नवे येत राहतात आणि वर्षातून एखाद-दुसरी बैठक लागते. काही जणींना, विशेषतः पीसीओएस असताना आणि जबडा-गळ्याच्या बारीक लवेवर, लेझरने उलट केस वाढतात हेही माहीत असू द्या. यंत्र कोणते, चालवणार कोण, एका बैठकीचे किती पैसे, हे सगळे आधी विचारा. सवलतीचे पॅकेज पाहून एकदम आठ बैठकांचे पैसे भरू नका.

कायमचा म्हणता येईल असा उपाय एकच, इलेक्ट्रोलिसिस. 1875 साली अमेरिकेतल्या चार्ल्स मिशेल या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत वळणाऱ्या पापण्यांसाठी तो वापरला. एका केसाच्या मुळात बारीक सुई घालून विजेने ते मूळ नष्ट करतात. पांढऱ्या केसांवरही चालतो. पण एकेक केस, म्हणून वेळ आणि सबुरी दोन्ही हवी. हनुवटीवरच्या दहा-पंधरा केसांसाठी चांगला. सुई प्रत्येक वेळी नवी असावी.

गरोदरपणात लेझर, गोळ्या, मलमे बाजूला ठेवून वस्तरा किंवा दोऱ्यावर भागवावे.

रोजा, वुझू, उमरा

रक्त तपासायला दिल्याने किंवा चेहऱ्याला मलम लावल्याने रोजा तुटत नाही असेच बहुतेक उलेमा सांगतात. गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारप्रमाणे डॉक्टरांकडून बदलून घ्या. वॅक्सचा चिकटपणा त्वचेवर राहिला तर वुझूचे पाणी पोहोचत नाही. तेलाने पुसून मग धुवा. उमरा किंवा हजला निघणार असाल तर जे करायचे ते एहरामच्या आधी उरका, एहराममध्ये केस काढणे मना आहे. आणि ते निघायच्या आदल्या दिवशी नको, चार-पाच दिवस आधी करा, म्हणजे प्रवासात चेहरा चुरचुरत नाही.

निकाह ठरला असेल तर हिशेब उलटा मांडा. गोळ्यांना सहा महिने, लेझरला आठ-दहा महिने, ब्लीचच्या परीक्षेला आठवडा. मेंदीच्या आदल्या रात्री कुठलाही नवा प्रयोग नको.

शेवटी थोडे घरातल्यांसाठी

आमच्या भाचीच्या अम्मीने डॉक्टरबाईंना पहिल्यांदा काय विचारले असेल? "मुलाकडच्यांना सांगावं लागेल का?" आम्हालाही तीच धास्ती होती. रात्री घरी बराच खल झाला. शेवटी तिच्या अब्बांनीच ठरवले की लपवायचे नाही. त्यांनी मुलाच्या वडिलांना बोलावून सांगितले की मुलीला पीसीओएस आहे, इलाज चालू आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आमच्या थोरलीलाही आहे. कोणत्या डॉक्टरांना दाखवता?" त्या दिवशी कळले की दोन्ही घरे एकाच गोष्टीवर पडदा टाकून बसली होती.

सगळीकडे असे होईलच असे नाही. नाते मोडल्याच्या गोष्टीही आम्ही ऐकल्या आहेत. म्हणूनच मुलगी पाहायला जाणाऱ्या खाला-फुफींना आमची विनंती आहे की तिच्या हनुवटीकडे टक लावून पाहू नका. आपल्या घरातल्या लेकीकडे कोणी तसे पाहिलेले चालेल का, हे आधी मनाला विचारा. भावांनो, 'मिशी आली तुला' ही थट्टा बहीण विसरत नाही. आणि अम्मींनो, मुलगी पंधरा-सोळाची झाली की तिची पाळी कधी येते हे वहीत लिहायला शिकवा आणि महिन्यातून एकदा ती वही प्रेमाने पाहा. एवढे आम्ही केले असते तर तीन वर्षे वाया गेली नसती.

भाची आता बरी आहे. चेहरा शांत झाला, पाळी वेळेवर येऊ लागली, साखर खाली आली. हनुवटीवर अजून चार-दोन केस येतात. ती ते वस्तऱ्याने काढते, दोन मिनिटांत, न्हाणीघराचे दार उघडे ठेवून. परवा आम्ही म्हटले, "लेझर कर ना एकदाचं." ती हसून म्हणाली, "खाला, आधी चालणं जमू दे. केस कुठे पळून जातायत?"

अल्लाह आपल्या सगळ्या लेकींना सेहत देवो आणि आपल्याला त्यांचे वेळेवर ऐकण्याची समज देवो.